पालेभाजीला प्रवास सोसत नाही

खांदेश्वर स्थानकाच्या एका अंगाला कामोठे आणि दुसऱ्या अंगाला खांदा वसाहत, नवीन पनवेल. आज जिथे सेक्टरांतल्या इमारती उभ्या आहेत तिथे दोन पिढ्यांपूर्वी भाताची खाचरे होती, खाडीकडच्या बाजूला खारजमीन आणि मिठागरे होती. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहराच्या आराखड्यात गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले, पोलीस गोळीबारात पाच जणांचा बळी गेला आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. जमिनीच्या मोबदल्यावर एवढी वर्षे भांडण झाले. त्या जमिनीवर पिकणाऱ्या अन्नाचे काय, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. शहर झाले की भाजी ट्रकने येणार, हे सगळ्यांनी धरूनच चालले होते.

ती येतेही, फक्त तिचा मार्ग पाहण्यासारखा आहे. मुंबईचा घाऊक भाजीबाजार १९९६ मध्ये वाशीला आला. नारायणगाव, पुणे, सातारा या बाजूचा माल बोरघाट उतरतो, कळंबोलीला सायन-पनवेल महामार्गाला लागतो, कामोठ्याच्या कडेकडेने पुढे जातो आणि वीसेक किलोमीटरवर वाशीला रिता होतो. तिथे भाव ठरतो, गोणी आणि क्रेट दुसऱ्या टेम्पोत चढतात आणि तीच मेथी, तोच फ्लॉवर उलट्या दिशेने पनवेल-खांदेश्वरच्या मंडईत येतो. आदल्या संध्याकाळी शेतात उपटलेली जुडी दुसऱ्या दिवशी अकरा-बारा वाजता गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडते आणि तिच्या मुळांवरची माती तोवर सुकून गेलेली असते.

स्थानिक अन्नाचा पुरस्कार करणारे बहुतेक जण पहिला मुद्दा डिझेलचा काढतात. अन्न किती मैल प्रवास करून ताटात आले यावर त्याचे पर्यावरणीय ओझे मोजण्याची कल्पना १९९० च्या दशकात लंडनमधले प्राध्यापक टिम लँग यांनी रुजवली. कल्पना सोपी, म्हणून ती जगभर पोचली. पण हिशेब मांडल्यावर ती तोकडी पडते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये तिथल्या घरगुती अन्नाचा सगळा हिशेब मांडला. अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास आणि उत्पादकाकडून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा वाटा अवघा ४ टक्के निघाला. बाकीचे बहुतेक ओझे उत्पादनातच तयार होते: खत, जनावरे, पंप. तेव्हा लासलगावचा कांदा खांदेश्वरला आला म्हणून पृथ्वीचे फार बिघडत नाही. कांदा टिकतो, गोणीत दाटीवाटीने भरता येतो आणि नाशिकच्या कोरड्या हवेत जसा होतो तसा कोकणच्या दमट हवेत होत नाही. अलिबागचा पांढरा कांदा हा अपवाद, आणि त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते तो तिथल्याच मातीत तसा होतो म्हणून.

धान्याचीही तीच गोष्ट. चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला दोन-अडीचशे किलो तांदूळ लागला, तर कोकणातल्या सरासरी उताऱ्याने त्यासाठी दहा-पंधरा गुंठे खाचर हवे. सेक्टरमधल्या फ्लॅटला ते कुठून असणार? शहराने स्वतःचा भात पिकवावा, असे म्हणणे म्हणूनच फसवे आहे. जवळ काय पिकवावे याचे उत्तर पिकाच्या टिकाऊपणात आहे. जे टिकते ते लांबून आले तरी चालते. जे पान संध्याकाळी माना टाकते, ते जवळचेच हवे.

फळे-भाज्यांची किती नासाडी होते याचा देशव्यापी अभ्यास भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियाना इथल्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. भाज्यांच्या प्रकारानुसार काढणीपासून विक्रीपर्यंत ४.५८ ते १२.४४ टक्के आणि फळांत ६.७० ते १५.८८ टक्के माल वाया जातो, असे त्यात आढळले. हे आकडे फक्त वजनाचे. पालकातल्या क जीवनसत्त्वाचा मोठा भाग साध्या खोलीच्या उष्णतेत दोन-तीन दिवसांतच नाहीसा होतो. जुडी दिसायला हिरवी राहते. नासलेल्या भाजीबरोबर तिला घातलेले पाणी, खत आणि मजुरीही नासते, आणि वाहतुकीच्या धुरापेक्षा हे नुकसान मोठे आहे. गॅलरीत लावलेला माठ किंवा पालक स्वयंपाकाच्या वेळी हवा तेवढाच खुडता येतो. त्यात वाया जायला काही उरत नाही.

याचे सगळ्यात सोपे उदाहरण मुंबईकरांना चांगले ठाऊक आहे. बोटभर उंचीची, मुळांसकट विकली जाणारी बारीक मेथी, जिला समुद्रमेथी म्हणतात, ती किनाऱ्यालगतच्या वाळूत दाट पेरून आठ-दहा दिवसांत उपटतात. तिला ऊन थोडे आणि खोली बोटाच्या दोन पेरांएवढी पुरते. पसरट ट्रेमध्ये धुतलेली वाळू आणि थोडे खत घालून भिजवलेले मेथीदाणे पसरले, की सातव्या-आठव्या दिवशी भाजी तयार होते. खिडकीच्या जाळीत ठेवलेले तीन ट्रे एकामागोमाग पेरत गेले, तर आठवड्याला एक भाजी सुटते. एका कुटुंबाचा बाजार यात भागत नाही, पण बाजारातली सगळ्यात नाजूक, सगळ्यात लवकर सडणारी जुडी तेवढी घरात आलेली असते.

स्थानिक लागवडीचा खरा मोठा फायदा मात्र मातीत आहे, आणि ती माती स्वयंपाकघरातच तयार होते. आपल्या शहरी घरांतल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओल्या कचऱ्याचा असतो. चार माणसांच्या घरातून रोज पाऊण ते एक किलो साली, देठ, चहाची पावडर, उरलेला भात निघतो. म्हणजे शंभर घरांच्या सोसायटीत ऐंशी-नव्वद किलो. हा कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ढिगाऱ्यावर गेला, की हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या मुदतीत मोजले तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. तोच कचरा हवा खेळती ठेवून कुजवला, तर मिथेन जवळजवळ तयार होत नाही आणि मूळ वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाएवढे काळे, मातीचा वास येणारे खत हाती लागते. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले, ते याचसाठी.

खांदेश्वरच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, जे प्रत्येक शहराला नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ इथून अगदी जवळ आहे. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कचरा टाकायला विमान वाहतुकीचे नियम मनाई करतात, कारण कचऱ्यावर घारी-कावळे जमतात आणि ते विमानाला धडकतात. सोसायटीच्या कोपऱ्यातल्या झाकलेल्या खतपेटीचा संबंध असा थेट धावपट्टीशी पोचतो.

खतपेटी बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: ओले फार, सुके कमी. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे पंचवीस-तीस भाग लागतात. भाजीच्या देठांत नत्र भरपूर असते, कर्ब सुक्या पाल्यात असतो. म्हणून कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तितकाच सुका पाला, नारळाचा भुसा किंवा लाकडाचा भुगा हवा. प्रमाण जुळले की ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत तणाचे बी आणि रोगजंतू बहुतांशी मरतात. गंमत अशी की ज्या सोसायटीत खत दुर्गंधी सोडते म्हणून तक्रारी होतात, त्याच सोसायटीचा सफाई कामगार हिवाळ्यात गेटबाहेर बदामाचा आणि गुलमोहराचा पाला पेटवत असतो. तो पाला गोणीत भरून ठेवला तर दोन्ही प्रश्न मिटतात. पावसाळ्यात पेटीत पांढरट-तपकिरी अळ्या वळवळू लागल्या, की घबराट उडते. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात; त्या चावत नाहीत आणि कचरा गांडुळांपेक्षा वेगाने संपवतात. खांदेश्वराच्या देवळात श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला वाहिलेला बेल, फुले हेही याच पेटीत जाण्याजोगे आहेत.

तयार मातीला जागा लागते, आणि नव्या वसाहतीत ती गच्चीवर आहे. इथे उत्साहाला आवर घालावा लागतो. वापरात असलेल्या गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो वजन येईल असे धरून भारतीय मानकानुसार रचना केलेली असते. फूटभर खोल ओल्या शेतमातीचे वजन मात्र चौरस मीटरला पाचशे किलोंच्या वर जाते. ट्रॉलीभर लाल माती आणून गच्चीवर पसरणे म्हणूनच धोक्याचे. त्यावर इलाज महाराष्ट्रातल्याच एका माणसाने दाखवला. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे शिक्षक; 'प्रयोग परिवार' नावाने त्यांनी शेतकऱ्यांचे जाळे उभे केले आणि तासगावच्या द्राक्षबागायतदारांपासून घराच्या गच्चीपर्यंत, सूर्यप्रकाश आणि पालापाचोळा यांच्या हिशेबावर शेती बसवली. रोपाला खोल माती लागत नाही, कुजलेल्या पाल्याचा थर आणि त्यावर चिमूटभर माती पुरते, हे त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी करून दाखवले. पाल्याचे वाफे वजनाला हलके राहतात, पाणी धरून ठेवतात आणि विटांच्या कडेत बसतात.

याच पद्धतीने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास बाग उभी राहिली. सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांचे जेवण करणाऱ्या या स्वयंपाकघराचा कचरा तिथल्याच खानपान अधिकारी प्रीती पाटील आणि कर्मचाऱ्यांनी गच्चीवरच जिरवला. त्यातून फळझाडे आणि भाज्या वाढल्या. पुढे 'अर्बन लीव्हज' या त्यांच्या उपक्रमातून मुंबईत इतर ठिकाणीही सामुदायिक बागा झाल्या. पोर्ट ट्रस्टच्या उदाहरणात महत्त्वाचे हे की सुरुवात भाजीच्या हौसेपासून झाली नाही. कचऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न आधी होता.

गच्चीवरच्या हिरव्या थराखालची खोली उन्हाळ्यात कमी तापते. स्लॅबवर सरळ पडणारे ऊन पाने अडवतात आणि पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनात उष्णता खर्ची पडते. पावसाळ्यात उघड्या मातीचे काम याहून मोठे. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पूर्वी खाचरे हे पाणी बांधाबांधांत अडवून सावकाश सोडत. २६ जुलै २००५ च्या पावसात गाढी नदीने पनवेल बुडवले, तेव्हा भरणी करून उंचावलेल्या जमिनीचा आणि बुजलेल्या नाल्यांचा प्रश्न पुढे आला. सोसायटीच्या कडेची दोन फुटांची पट्टी फरसबंद न करता वाफ्यासाठी मोकळी ठेवली, तर पुराला ती आळा घालणार नाही, पण छपरावरचे थोडे पाणी तरी तिथे मुरेल.

पाण्याची दुसरी बाजू मे महिन्यात कळते. पनवेल परिसरात उन्हाळ्यात पाणी कमी पडते, टँकर येतात, आणि तेव्हा गच्चीवर नळी सोडून बाग भिजवणारा माणूस सोसायटीच्या सभेत बोलणी खातो. ती खावीत अशीच असतात. जुन्या कोकणी परसात हा प्रश्न मोरीच्या पाण्याने सोडवला होता: सांडपाण्याच्या वाटेवर अळू आणि केळ, विहिरीच्या पाटावर पालेभाजी, मांडवावर दुधी आणि पडवळ. फ्लॅटमध्ये तांदूळ-डाळ आणि भाजी धुतलेले पाणी बादलीत साठवता येते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे टाकाऊ पाणी मात्र रोज कुंडीत ओतू नये. त्यात क्षार जास्त असतात आणि काही महिन्यांत मातीवर पांढरी पुटे चढून झाड करपते.

ऋतूही इथे पुस्तकाप्रमाणे चालत नाही. बियाण्याच्या पाकिटावर काहीही लिहिलेले असो, जुलैत पेरलेली कोथिंबीर कोकणच्या पावसात मानेपासून कुजते. त्या दिवसांत अळू, पडवळ, शिराळे, घोसाळे, भेंडी आणि वेलावरचा मायाळू. दसऱ्यानंतर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल. या वालावर रायगडची पोपटी उभी आहे: थंडीत शेताच्या बांधावर मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, आवडीप्रमाणे बटाटे, अंडी किंवा कोंबडी, पुन्हा पाला, आणि मडके उपडे घालून भोवती पेटवलेला जाळ. पोपटीला शेत लागते, आजूबाजूची माणसे लागतात आणि शेंगा ताज्या लागतात. बंगलोरहून आलेल्या शेंगांची पोपटी होईलही, पण ती कुणी करत नाही.

स्थानिक अन्नाला जी सामाजिक बाजू आहे ती पनवेलच्या बाजारात पहिल्या पावसाला दिसते. कर्नाळा, माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांतून ठाकर आणि कातकरी बायका टोपल्या घेऊन येतात. आधी शेवळे, त्याबरोबर न विसरता काकडाची आंबट फळे, कारण शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात आणि काकडाच्या आंबटपणाशिवाय घसा खाजतो. मग कुलूची भाजी, टाकळा, कुर्डू, भारंगी, श्रावणात कंटोळी. यांचे बियाणे सहसा कुणी विकत नाही, यांना खत नाही, फवारणी नाही. विक्रीही वाट्यावर: दहा-वीस रुपयांचा वाटा आणि त्याबरोबर भाजी कशी निवडायची, कशी उकळायची याची माहिती फुकट. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो, त्याने या भाज्यांना शहरात नवे गिऱ्हाईक मिळाले. पैसा मधल्या दलालाविना थेट वाडीत जातो, हा यातला आर्थिक भाग. जंगल राहिले तरच टोपली भरते, म्हणून जंगल राखण्यात त्या बाईचा रोजचा स्वार्थ आहे, हा पर्यावरणाचा भाग. दोन्ही एकाच वाट्यात विकले जातात.

मे २०२० मध्ये करोनाच्या साथीत वाशीचा बाजार आठवडाभर बंद राहिला, तेव्हा या जवळच्या दुव्यांची किंमत कळली. शेतकरी गटांचे टेम्पो सरळ सोसायट्यांच्या गेटवर उभे राहिले आणि वजनकाट्याऐवजी आधीच बांधलेल्या पिशव्या विकल्या गेल्या. नंतर बाजार सुरू झाला आणि बरेचसे टेम्पो बंद पडले, हेही खरे. जवळचे अन्न नेहमी स्वस्त नसते. 'गावठी' म्हटले की जुडीचा भाव चढतो, आणि गिऱ्हाईक हिशेब करते.

सोसायटीतली सामायिक बाग हा त्याहून वेगळा प्रकार. त्यात भाजी हे निमित्त जास्त. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांना सेक्टरमध्ये फारसे कुणी ओळखत नाही, पण दुधीची नर-मादी फुले कोणती आणि हाताने परागीकरण कसे करायचे हे त्यांना ठाऊक असते. मुलांना ते शिकायला पुस्तक लागत नाही. भांडणेही ठरलेली: गच्ची गळते, कुंड्यांत डास होतात, कष्ट तिघांचे आणि वांगी सगळ्यांची. ज्या बागा टिकतात त्या वाफे नावाने वाटून देतात, खत आणि पाणी सामायिक ठेवतात आणि जलरोधनाचा खर्च आधी ठरवतात.

बियाण्यातही देवाणघेवाण आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाल, भात, भाज्यांची वाणे मडक्यांत जपून 'बीजमाता' ही ओळख मिळवली आणि २०२० च्या पद्मश्री मानकऱ्यांत त्यांचे नाव आले. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसे उगवत नाही. गावठी वाणाची एक शेंग वेलावर सुकू दिली, की शेजारच्या चार घरांना बी पुरते. गच्चीवरच्या बागेला ही वाणे बहुधा जास्त मानवतात, कारण एकदम काढणीपेक्षा ती बरेच दिवस थोडे थोडे देत राहतात.

एक सावधगिरी मात्र टाळता येत नाही. जवळची भाजी म्हणजे शुद्ध भाजी असे नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गाच्या कडेला, रेल्वेच्या 'अधिक धान्य पिकवा' योजनेतल्या जमिनीवर वर्षानुवर्षे पालक, माठ, भेंडी पिकत आली आणि काही ठिकाणी तिला नाल्याचे पाणी मिळते ही तक्रारही तितकीच जुनी. तळोजा औद्योगिक वसाहतीजवळून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. पालेभाज्या मातीतले आणि पाण्यातले शिसे, कॅडमियम पानांत साठवतात. शिजवल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. त्यामुळे भरणीच्या, रस्त्याकडेच्या किंवा कारखान्याजवळच्या जमिनीत भाजी लावण्याआधी माती तपासून घेणे बरे. शंका असेल तिथे पालेभाजी लावूच नये. शेवगा, केळ, पपई अशी झाडे लावावीत, कारण फळांत धातू पानांच्या मानाने कमी उतरतात.

खांदेश्वरच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, पनवेल तालुक्यातल्या गावांत भात आणि वाल अजून पिकतो. त्यातला मोठा भाग विमानतळाभोवतीच्या 'नैना' या अधिसूचित क्षेत्रात २०१३ पासून आहे. तिथल्या नगररचना योजनांमध्ये मालकाला साधारण ४० टक्के जमीन विकसित भूखंड म्हणून परत मिळते. उरलेल्या जागेत रस्ते, बागा, मैदाने आणि सेवा येतात. पनवेलच्या बाजारात सकाळी येणारी गावठी मेथी आणि हिवाळ्यातल्या वालाच्या शेंगा आज याच गावांतून येतात.